थंडावलेले मुक्तस्रोत प्रकल्प : पारख आणि निर्णय

आज एखाद्या बँकेचे, रुग्णालयाचे वा वृत्तपत्राचे संगणकीय कामकाज ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यातला फार मोठा भाग त्या संस्थेने स्वतः लिहिलेला नसतो. जगाच्या कानाकोपऱ्यांत कुणी एकट्यादुकट्याने हौसेपोटी, गरजेपोटी किंवा व्यासंगापोटी लिहून मुक्त परवान्याखाली सर्वांच्या स्वाधीन केलेल्या लहानमोठ्या लायब्ररींच्या आधारावर तो उभा असतो. या लायब्ररी लिहिणाऱ्यांची नोकरी बदलते, प्रकृती ढासळते, संसाराचा व्याप वाढतो, आवड दुसरीकडे वळते, आणि एके काळी दर पंधरवड्याला नवी आवृत्ती काढणारा प्रकल्प हळूहळू अबोल होतो. त्यात दोषास्पद असे काही नाही. दोष उत्पन्न होतो तो त्या अबोलपणाविषयी कुणीच काही ठरवीत नाही म्हणून: वापरणारा वापरत राहतो, लिहिणारा संकोचाने गप्प राहतो, आणि ज्याचा कारभार कुणाच्याच शिरावर नाही अशा कोडावर हजारोंचे व्यवहार बिनदिक्कत चालू राहतात. अशा प्रकल्पाविषयी निर्णय कोणताही होवो, तो विचारपूर्वक घेतला जावा आणि उघडपणे लिहून ठेवला जावा, एवढेच माझे सांगणे आहे. आणि त्यासाठी विचार कोणत्या क्रमाने करावा हे पुढे मांडतो.

१. आधी पारख

प्रकल्प थंडावला म्हणजे तो संपला, असे समजण्याची घाई करू नये. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये निर्माण केलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे उदाहरण या बाबतीत ध्यानी घेण्याजोगे आहे. तिच्यात नवे काही घालावयाचे नाही, केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, असा निश्चय तिच्या कर्त्याने फार पूर्वीच जाहीर केला. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’ या संख्येचा एक अंक वाढतो, आणि २०१४ नंतरची दुरुस्त आवृत्ती थेट २०२१ मध्ये निघाली. सात वर्षांचे हे मौन म्हणजे अनास्था नव्हे. काम पूर्णत्वास गेल्याची आणि कर्ता जागरूक असल्याची ती खूण आहे. तारखांचे गणित करणे, अक्षरे उजवीकडून डावीकडे मांडणे, एखाद्या प्रमाणित आकृतिबंधाचे वाचन करणे, अशा मर्यादित कामाच्या लायब्ररीला वर्षानुवर्षे हात लावण्याचे प्रयोजन पडत नाही, हे सर्वथा संभवनीय आहे.

उलटपक्षी, हालचाल दिसते म्हणून प्रकल्प जिवंत आहे, असेही मानू नये. रिपॉझिटरीच्या नोंदी उघडल्या की गेल्याच आठवड्यातील तारीख दिसते आणि पाहणारा निश्चिंत होतो. परंतु त्या नोंदी बारकाईने वाचल्यास पुष्कळदा असे आढळते की, त्या सर्व अवलंबित लायब्ररींच्या आवृत्त्या वाढविणाऱ्या स्वयंचलित बॉटने केलेल्या आहेत आणि मनुष्याच्या हातची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे. म्हणून तारखेवर विसंबू नये. पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात. नोंदविलेल्या बगला एखाद्या जबाबदार मनुष्याने शेवटचे उत्तर केव्हा दिले? सुरक्षेतील त्रुटी कळविल्यावर तिची दखल घेतली गेली काय? इतरांनी तयार करून पाठविलेले पॅच किती काळ खोळंबून आहेत? भाषेच्या वा कंपायलरच्या चालू आवृत्तीवर हा कोड विनातक्रार बांधला जातो काय, आणि त्याच्या चाचण्या उत्तीर्ण होतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार किती जणांकडे आहे? हा अधिकार एकाच व्यक्तीकडे असेल, तर आज तो प्रकल्प कितीही तरतरीत दिसत असो, उद्याची खात्री देता येत नाही.

या तपासणीतून प्रकल्पाची वर्गवारी आपोआप होते: काम संपल्यामुळे शांत असलेला, मनुष्यबळाअभावी रखडलेला, आणि खरोखरच सोडून दिलेला. तिघांना लावावयाचे उपाय भिन्न आहेत.

२. आपले अवलंबन मोजावे

प्रकल्पाची परीक्षा झाल्यावर आपली स्वतःची करावी. आपण कोणत्या लायब्ररी वापरतो याची यादी बहुतेकांच्या ध्यानी असते. परंतु त्या लायब्ररी ज्यांच्यावर उभ्या आहेत त्यांची यादी कित्येक पटींनी लांब असते, आणि संकट बहुधा त्या दुसऱ्या यादीतून येते. ही संपूर्ण यादी लॉक फाइलमध्ये तयारच असते. ती उतरवून घ्यावी आणि प्रत्येक थंडावलेल्या नावापुढे दोन प्रश्न लिहावेत: हा कोड बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून वा अनोळखी वापरकर्त्याकडून, आलेली माहिती हाताळतो काय? आणि तो काढून टाकावयाचा झाल्यास किती ठिकाणी हात लावावा लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर निर्णय लांबणीवर टाकता येणार नाही. कंपनीच्या आतल्या आत वर्षातून एकदा अहवाल छापणारी जुनी लायब्ररी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची प्रत्येक विनंती वाचणारी जुनी लायब्ररी, या दोहोंचे वय सारखे असले, तरी त्यांचा धोका सारखा नसतो.

निर्णय लांबणीवर टाकल्याचे परिणाम कसे होतात ते लॉग-फोर-जे या प्रसिद्ध लायब्ररीच्या इतिहासात दिसते. तिच्या पहिल्या मालिकेचे काम यापुढे होणार नाही, असे अपाचे संस्थेच्या संबंधित मंडळाने ऑगस्ट २०१५ मध्ये स्पष्ट जाहीर केले होते. तरीही अगणित संस्थांनी ती तशीच चालू ठेवली. डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या मालिकेत भयंकर त्रुटी उघडकीस आली, सर्वांचे लक्ष या लायब्ररीकडे वळले, आणि पहिल्या मालिकेतही निराळ्या त्रुटी असल्याचे समोर आले. त्या बुजविणारे अधिकृत असे कुणी उरले नव्हते. अखेर तिच्या मूळ कर्त्यानेच २०२२ च्या आरंभी ‘रीलोड-फोर-जे’ या नावाने वेगळा प्रकल्प काढून त्या दुरुस्त्या पुरविल्या. जाहीर सूचना मिळूनही सहा वर्षे निर्णय न घेणाऱ्यांना शेवटी तो घाईगर्दीत, ऐन नाताळच्या सुटीत घ्यावा लागला, हे विसरू नये.

३. कर्त्याशी पत्रव्यवहार

तिसरी पायरी मूळ कर्त्याला लिहिण्याची. येथे दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पहिली अशी की, ज्याने आपणांस काही फुकट दिले आहे त्याच्यामागे तगादा लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘हे केव्हा दुरुस्त होणार?’ अशी एका ओळीची पृच्छा वीस जणांनी केली म्हणजे थकलेला मनुष्य अधिकच दूर जातो. त्याऐवजी आपण कोण, ही लायब्ररी कशासाठी वापरतो, कोणती विशिष्ट अडचण आहे, आणि आपण कोणते काम स्वतः अंगावर घेण्यास तयार आहोत, हे चार परिच्छेदांत नम्रपणे लिहावे, आणि शेवटी असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ एवढ्यावर देता येईल: हा प्रकल्प पुढे चालविण्याचा आपला मानस आहे काय? नसल्यास तसे नमूद करण्यास हरकत आहे काय? अशा पत्राला उत्तर देणे सोपे जाते, म्हणून ते मिळण्याचा संभवही अधिक.

दुसरी मर्यादा मुदतीची. पायथॉन भाषेच्या लायब्ररींचे जे मध्यवर्ती भांडार आहे, त्याने सोडून दिलेल्या नावांविषयी २०१८ मध्ये जे धोरण मान्य केले, ते इतरांनीही अनुकरणीय मानावे असे आहे. मालकाशी निरनिराळ्या मार्गांनी निदान तीनदा संपर्क साधावा, सहा आठवडे वाट पाहावी, गेल्या बारा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही आणि मालकाची प्रकल्पावर कोणतीही हालचाल नाही याची शहानिशा करावी, आणि मगच नाव दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा विचार व्हावा, अशी ती रीत आहे. जो आजारी आहे, प्रवासात आहे किंवा शोकात आहे, त्याच्या हक्कावर गदा येऊ नये आणि वापरणाऱ्यांनाही अनंतकाळ तिष्ठत राहावे लागू नये, असा समतोल तिच्यात साधलेला आहे.

४. चार मार्ग

इतके झाल्यावर चार मार्ग मोकळे राहतात.

पहिला मार्ग आहे तसे चालू ठेवण्याचा. काम पूर्ण झालेल्या लहान लायब्ररीच्या बाबतीत हाच बहुधा योग्य ठरतो. परंतु ‘चालू ठेवणे’ म्हणजे ‘विसरून जाणे’ असा अर्थ होऊ देऊ नये. आवृत्तीचा क्रमांक निश्चित करून टाकावा, कोडाची एक प्रत आपल्या ताब्यात ठेवावी, ‘अमुक कारणास्तव ही लायब्ररी वापरीत आहोत, पुनर्विचार अमुक महिन्यात’ अशी नोंद दप्तरी करावी, आणि ती नोंद कोणा एकाच्या नावावर असावी.

दुसरा मार्ग प्रकल्प दत्तक घेण्याचा. याची सर्वांत नीटनेटकी व्यवस्था डेबियन या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या प्रकल्पाने लावून दिली आहे. तेथे पॅकेज सांभाळणाऱ्याला मदत हवी असेल, तर तशी जाहीर नोंद करता येते. उत्तराधिकारी हवा असेल, तर वेगळी नोंद. पूर्णतः हात काढून घ्यावयाचा असेल, तर पॅकेज पोरके झाल्याची नोंद. आणि ते सांभाळण्याची इच्छा असलेल्याने तशी चौथी नोंद करावयाची. दरम्यानच्या काळात त्या पोरक्या पॅकेजची किमान देखरेख गुणवत्तेचे काम पाहणाऱ्या गटाकडे जाते. काम सोडणे हा तेथे अपराध नसून कारभारातला एक रीतसर टप्पा आहे, आणि म्हणूनच लोक ते वेळीच सोडतात. दत्तक घेणाऱ्याने मात्र आपली कुवत आधी ओळखावी: आपणांस हवी असलेली एक दुरुस्ती करून मोकळे व्हावयाचे असेल, तर प्रकल्पाचा ताबा मागू नये, पॅच द्यावा आणि तेथेच थांबावे.

तिसरा मार्ग वेगळी चूल मांडण्याचा, म्हणजे फोर्कचा. तो पत्करण्यापूर्वी परवान्याची फाइल अक्षरशः वाचावी. एमआयटी परवान्यात मूळ कर्त्याची स्वामित्वाची नोंद कायम ठेवावी लागते. जीपीएलमध्ये पुढे वाटप करताना मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. आणि ज्या रिपॉझिटरीत परवानाच नाही, तो कोड सर्वांना दिसत असला, तरी उचलून नव्याने प्रसिद्ध करण्याचा हक्क कुणालाही प्राप्त होत नाही. कोडाचा परवाना म्हणजे नावाचा परवाना नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेल्यांना कोड घेता आला. नाव ऑरॅकल कंपनीच्या हाती असल्याने ‘लिबरऑफिस’ हे नवे नाव धारण करावे लागले. फोर्क म्हणजे कायमची फारकतच असे मात्र नाही. जीसीसी या कंपायलरचे काम फार मंदावल्याची तक्रार होऊन १९९७ मध्ये काही जणांनी ईजीसीएस नावाने वेगळा संसार थाटला. त्यांचे काम इतके सरस ठरले की १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाला. म्हणून फोर्क करताना मूळ कर्त्याविषयी कटू शब्द लिहू नयेत. परतीची वाट मोकळी राहू द्यावी.

चौथा मार्ग ती लायब्ररी सोडून दुसरीकडे जाण्याचा. बाहेरची माहिती हाताळणारा, सोडून दिलेला आणि दत्तक घेण्यास कुणी नसलेला प्रकल्प असेल, तर हा मार्ग कितीही कष्टाचा असो, तोच धरावा. मात्र एका झटक्यात सर्व बदलण्याचा अट्टहास करू नये. प्रथम त्या लायब्ररीला केले जाणारे सारे कॉल एका ठिकाणी गोळा करावेत, त्या एका ठिकाणाला चाचण्या लावाव्यात, आणि मग मागचा भाग बदलावा.

५. ज्यांचे स्वतःचे प्रकल्प थंडावले आहेत त्यांच्यासाठी

आतापर्यंतचे विवेचन वापरणाऱ्यांसाठी झाले. ज्यांनी स्वतः कोड लिहून जगाला दिला आणि आता ज्यांना तो सांभाळवत नाही, त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. काम थांबविण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे आणि त्याबद्दल क्षमायाचना करण्याचे कारण नाही. तुमच्यावर एकच कर्तव्य उरते, आणि ते म्हणजे थांबल्याचे सांगणे. रीडमी फाइलच्या अगदी वरच्या भागी याप्रमाणे चार वाक्ये लिहावीत: ‘या प्रकल्पाचे काम मी थांबविले आहे. शेवटची आवृत्ती अमुक असून तिच्यातील ज्ञात त्रुटी पुढे दिल्या आहेत. यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्याही होणार नाहीत. पर्याय म्हणून अमुक प्रकल्प पाहावा.’ हे लिहून झाल्यावर रिपॉझिटरी अर्काइव्ह करावी. गिटहबवर २०१७ पासून ही सोय आहे, आणि तिने कोड सर्वांना वाचण्यास खुला राहून नव्या नोंदी बंद होतात.

मात्र रागाच्या वा कंटाळ्याच्या भरात कोड भांडारातून पुसून टाकू नये. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्याने एका वादातून काढून घेतली, आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास ठप्प झाली. दिलेले मागे घेण्यापेक्षा ते जागच्या जागी गोठवून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

वारस नेमण्याची इच्छा असेल, तर अधिक दक्षता हवी. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा ताबा तिच्या कर्त्याने, आपण स्वतः ती आता वापरीत नाही म्हणून, मदत देऊ करणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीच्या हाती दिला. त्या व्यक्तीने तिच्यात एक नवी अवलंबित लायब्ररी घुसडली, आणि त्या दुसऱ्या लायब्ररीत कोपे नावाच्या बिटकॉइन-पाकिटातून चोरी करणारा कोड दडविलेला होता.

एक्सझेड या संक्षेपनाच्या साधनाची हकीकत याहून गंभीर आहे. त्याचा एकमेव सांभाळणारा थकलेला असताना काही अपरिचित नावांनी संथ कामाबद्दल त्याच्यावर सातत्याने दडपण आणले. त्याच सुमारास ‘जिया टान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त पॅच देऊन विश्वास संपादन केला, आवृत्ती काढण्याचा अधिकार मिळविला, आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. तो पकडला गेला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चौकसपणामुळे: एसएसएचने प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते थेट मुळापर्यंत पोहोचले.

या दोन्ही प्रकरणांवरून अनोळखी मनुष्याला कधीच जवळ करू नये असा धडा घेतला, तर मुक्तस्रोताचा पायाच उखडेल. कारण आजचा प्रत्येक विश्वासू सहकारी कधीतरी अनोळखीच होता. घेण्याचा धडा असा की, अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत: प्रथम पॅच, मग इतरांच्या पॅचची तपासणी, मग कोडात बदल करण्याचा अधिकार, आणि सर्वांत शेवटी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा. हा शेवटचा अधिकार वापरताना दुसऱ्या कुणाची तरी संमती आवश्यक असावी. प्रसिद्ध होणारी आवृत्ती सर्वांना दिसणाऱ्या कोडातूनच बांधली गेली आहे याची पडताळणी व्हावी. आणि ‘लवकर द्या’ अशी निकड लावणारा जितका अधीर, तितके आपण सावध असावे. योग्य वारस मिळाला नाही, तर प्रकल्प बंद करणे हे अयोग्य हाती देण्याहून केव्हाही बरे.

संस्थांचा आधारही घेता येतो. अपाचे संस्थेने २००८ मध्ये ‘अ‍ॅटिक’ नावाचा विभाग केला तो याच हेतूने. ज्या प्रकल्पाला आवृत्तीच्या मंजुरीसाठी लागणारी तीन मतेही जमविता येत नाहीत, तो तेथे निवृत्त होतो. कोड वाचण्यास उपलब्ध राहतो, वापरणाऱ्यांना सूचना मिळते, पण दुरुस्तीचे आश्वासन कुणी देत नाही. फ्रान्समधील इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात तर जगभरचा मुक्त कोड जतन केला जातो. आपला प्रकल्प तेथे नोंदला गेला आहे याची खातरजमा करून घ्यावी.

६. पैसा आणि भाषा

जो प्रकल्प मनुष्यबळाअभावी रखडला आहे, त्याला पुष्कळदा वारसापेक्षा पगाराची गरज असते. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचा आधार असलेल्या ओपनएसएसएलला २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ त्रुटी उघड होण्यापूर्वी वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर होत्या, ही गोष्ट त्यावर कोट्यवधींचा व्यवसाय करणाऱ्यांना भूषणावह नव्हती. झेरोधा या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याचे स्वागत यासाठी करावयाचे. लहान संस्थांनाही आपल्या यादीतील एका प्रकल्पाला वार्षिक वर्गणी देणे अशक्य नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेली लोहित टंकमाला, शुद्धलेखन तपासणारे शब्दसंग्रह, कळफलकांच्या मांडण्या, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांची मराठी भाषांतरे, ही सारी मोजक्या लोकांच्या श्रमांवर उभी असतात. इंग्रजीतील एखादी लायब्ररी थंडावली, तर दहा पर्याय पुढे येतात. मराठीचा शब्दसंग्रह थंडावला, तर बाजार त्याची जागा भरून काढीत नाही, आणि भाषांतर थांबले की पुढच्याच आवृत्तीत मराठी वाक्यांच्या मध्येमध्ये इंग्रजी वाक्ये डोकावू लागतात. ही कामे दत्तक घेण्यासाठी प्रोग्रामिंगचे मोठे पांडित्य लागत नाही. शिक्षक, मुद्रितशोधक, भाषेचे विद्यार्थी यांनाही ती पेलण्यासारखी आहेत.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, या आठवड्यात आपल्या अवलंबित लायब्ररींची यादी काढावी, तिच्यातील सर्वांत जास्त काळ अबोल असलेले एक नाव निवडावे, आणि ठेवणे, दत्तक घेणे, वेगळी चूल मांडणे वा सोडणे, यांपैकी जे ठरेल ते तारखेसह लिहून त्याखाली स्वतःचे नाव घालावे. आणि जर ते नाव तुमच्याच प्रकल्पाचे असेल, तर रीडमीतली ती चार वाक्ये आजच लिहावीत.